जुनी १४ फुटी होडी, १५ एचपी मशीन आणि ट्रेलर असा सौदा आलाय. घ्यावा का? (मांडवी / म्हापसा नदी, चोणक मासा गरवण्यासाठी)

पर्वरीकर_गरी

नमस्कार मंडळी. आजवर बांधावर बसूनच गरवत आलो. हळदोण्याला मामाचे घर नदीला अगदी लागून आहे. तिथे काळुंदरं, शेवटे आणि नशीब असले तर एखादी तांबोशी मिळते. आता चोणकाच्या मागे लागायचे आहे. बांधावरून गरी पोचत नाही अशा जागा रोज डोळ्यांसमोर दिसतात, म्हणून होडीचे वेड डोक्यात शिरले.

म्हापशाला एकजण १४ फुटी फायबरची होडी विकतोय. मागे १५ एचपीचे टू-स्ट्रोक आउटबोर्ड आहे आणि सोबत वर्कशॉपमधून बनवून घेतलेला ट्रेलर, जुन्या गाडीच्या चाकांचा. मशीन 'कमी चाललेले' आहे म्हणतो. सगळे मिळून एक लाख ऐंशी हजार सांगतोय.

माझी गाडी बोलेरो. घर पर्वरीला दुसऱ्या मजल्यावर, सोसायटीत पार्किंगची एकच जागा. ट्रेलर सुकूरला भावोजींच्या अंगणात ठेवता येईल. बेत असा की शनिवार-रविवार ट्रेलर जोडायचा आणि आज मांडवी, उद्या शापोरा असे फिरायचे. सौदा कसा वाटतो? ट्रेलरमध्ये काय बघू? आणि चोणकासाठी रॉड, रीळ, दोरा कोणता घेऊ? सध्या माझ्याकडे हातगरीचा तंगूस (नायलॉनचा दोरा) आणि एक स्वस्तातला सहा फुटी रॉड आहे.

निवृत्त_खलाशी

पर्वरीकर, मी फेरीबोटीवर खलाशी म्हणून लागलो आणि तिथूनच निवृत्त झालो. दिवाडीला राहतो. उतारावर गाड्या घसरताना, अडकताना बघण्यातच माझी नोकरी गेली, म्हणून आधी ट्रेलरचे बोलतो, होडीचे नंतर.

ट्रेलर रस्त्याने कुठेही न्याल, पण होडी उतरवणार कुठे? रायबंदर-चोडण, जुने गोवे-दिवाडी हे उतार फेरीचे. सकाळी कामावर जाणाऱ्यांची रांग असते. त्यात तुम्ही बोलेरो उलटी घेऊन ट्रेलर पाण्यात सोडू लागलात तर लोक जे बोलतील ते इथे लिहिता येणार नाही, आणि त्यांचे चुकणारही नाही. पूल झाल्यावर फेरी बंद पडली असे जुने उतार काही ठिकाणी आहेत, उदाहरणार्थ शिवोली-चोपड्याकडे. तिथे जाऊन आधी सुकतीच्या वेळी उभे राहा. भरतीला सगळे उतार छान दिसतात.

हिशोब करून बघा. आपल्याकडे उधाणाला (अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास) भरती-सुकतीत दोन मीटरच्या आसपास फरक पडतो. उतार आठास एक धरला तर पाणी सोळा मीटर मागे जाते. सकाळी भरतीला होडी सोडली आणि दुपारी सुकतीला परत आलात की हे सोळा मीटर उघडे पडलेले, त्यावर शेवाळ, आणि काँक्रीट जिथे संपते तिथे पुढे खोल. ट्रेलरचे चाक त्या कडेवरून खाली गेले की बोलेरो काय, ट्रकनेही निघत नाही. चाक अडकले तर पुढची भरती येईपर्यंत वाट बघायची, आणि तोवर गाडीचे मागचे टायर खाऱ्या पाण्यात. म्हणून उतार वापरायचाच तर अर्ध्या भरतीनंतर उतरवा आणि पाणी अर्ध्यावर येण्याआधी परत या, किंवा भांगाचे दिवस (अष्टमीच्या आसपासचे) धरा. भांगाला फरक निम्म्याच्या आसपास असतो.

वेळ काढायला मोबाइल आहेच, पण जुना हिशोब माहीत असू द्या. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. हे मुखाजवळचे. नदीत जितके आत जाल तितकी भरती उशिरा पोचते.

आता ट्रेलरच्या कागदांचे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात ट्रेलरलाही वाहनच धरले आहे, म्हणजे त्याला स्वतःची नोंदणी हवी. वर्कशॉपमध्ये वेल्डिंग करून आणलेल्याला ती असेल का, हे विकणाऱ्याला सरळ विचारा. पर्वरीच्या हमरस्त्यावर मागे बिननंबराचे काहीतरी ओढत शनिवारी सकाळी निघाल, तर चोणक भेटण्याआधी पोलीस भेटेल.

आणि हो, उत्तर तुम्हीच प्रश्नात लिहिले आहे, तुमच्या लक्षात आले नाही इतकेच. हळदोण्याला मामाचे घर नदीला लागून! अहो, अशी जागा असताना ट्रेलर कशाला? होडी तिथे ठेवा. मशीन उतरवून घरात. टू-स्ट्रोक १५ चे वजन चाळीस किलोच्या आसपास, दोघांनी धरले की झाले. म्हापशाहून हळदोण्याला होडी एकदा पिकअप भाड्याने करून आणा. त्याचे भाडे ट्रेलरच्या एका टायरपेक्षा कमी पडेल. तिथून म्हापसा नदीने खाली आलात की मांडवी समोर. शापोरा राहील, पण दोन नद्या एका वर्षात शिकून कोणी मोठा झालेला मी पाहिला नाही.

काठावर ठेवायची तर नुसती बांधून सोडू नका. कायम पाण्यात राहिली तर बुडाला शंख आणि कालवं धरतात, आणि मग मशीन कितीही ओरडले तरी होडी पुढे जात नाही. माडाचे चार-पाच ओंडके आडवे टाका आणि त्यावरून वर ओढा. उधाणाच्या भरतीची जी सर्वांत वरची रेघ काठावर दिसते तिच्याही वर. जागा खाजनाच्या (नदीकाठच्या बांध घातलेल्या खाऱ्या शेतजमिनीच्या) बांधाची असेल तर बांधाचा एक दगडही हलवायचा नाही, शेतकऱ्यांना विचारून ठेवायची. पावसाळ्यात पालथी घालून ठेवा. सरळ ठेवणार असाल तर बुडाचा बूच काढलेला हवा, नाहीतर जूनमध्ये होडीची टाकी होईल.

वास्को_मिस्त्री

खलाशीकाकांशी सहमत, पण ट्रेलर अगदीच टाकाऊ नाही. ज्याला काठावर जागा नाही त्याने काय करायचे? म्हणून ट्रेलरचे थोडे मीही सांगतो, मग मशीनचे.

घरगुती ट्रेलरचा जीव हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधल्या बेअरिंगच्या भागात असतो. तीस किलोमीटर चालून हब तापलेला असतो. तो तसाच थंड पाण्यात बुडवला की आतली हवा आकसते आणि सीलच्या कडेने खारे पाणी आत ओढले जाते. बाहेरून काहीच कळत नाही. महिन्याभरात बेअरिंग लाल, आणि एक दिवस पत्रादेवीच्या रस्त्यावर चाक तुमच्या पुढे पळते. काठावर पोचलात की अर्धा तास थांबा, हबला हात लावून बघा. पाण्यात टिकणारे ग्रीस वापरा, साधे नको. लाइटचा प्लग ट्रेलर पाण्यात जायच्या आधी काढा. घरी आल्यावर गोड्या पाण्याने हब, पाट्या, यू-बोल्ट धुवा. रंग मारलेले लोखंड गोव्यात दोन पावसाळे काढते. ट्रेलर गॅल्व्हनाइज केलेला असेल तरच त्याचे पैसे द्या.

वजन बघा. होडी चढवून गाडीच्या हुकावर एकूण वजनाचा पाच ते दहा टक्के भार यायला हवा. त्यापेक्षा कमी आला की साठच्या वेगाला ट्रेलरचे शेपूट हलायला लागते, आणि ब्रेक मारला की आणखी जोरात हलते. अशा वेळी पाय हळू उचलायचा, ब्रेक नाही. होडी थोडी पुढे सरकवली की बहुतेक वेळा काम होते.

आता 'कमी चाललेले' मशीन. माझ्या धंद्यात याचा अर्थ 'बंद पडून राहिलेले' असा होतो. टू-स्ट्रोक रोज चालवले तर वर्षानुवर्षे चालते. ठेवून दिले की कार्बोरेटरमध्ये पेट्रोल सुकते, पंपातल्या इंपेलरची रबरी पाती वाकून तशीच राहतात. बघायला जाल तेव्हा विकणाऱ्याला आधीच सांगा, मी येईपर्यंत चालू करू नको. गरम मशीन कोणाचेही पहिल्या दोरीला लागते, थंड लागले पाहिजे. चालू झाल्यावर मागून पाण्याची धार येते ती बघा. सणसणीत यायला हवी. दोन्ही सिलिंडरचे कॉम्प्रेशन (आतला दाब) गेजने घ्या. आकडा किती यापेक्षा दोन्हींत दहा टक्क्यांहून जास्त फरक नको, हे महत्त्वाचे. मग खालच्या गिअरबॉक्सचा स्क्रू ढिला करून तेल बघा. दुधाळ आले तर सील गेले, पाणी शिरलेले आहे. झिंकचा तुकडा (मशीनऐवजी स्वतः गंजायला लावलेला) पूर्ण खाल्लेला असेल तर पुढे मशीनचे अंग खाल्ले जात होते असे समजा.

पेट्रोल. हल्ली पंपावर वीस टक्के इथेनॉलचे मिळते. इथेनॉल हवेतला ओलावा शोषते आणि प्रमाणाबाहेर गेले की पाणी-इथेनॉल टाकीच्या तळाला वेगळे बसते. आपल्या दमट हवेत याला फार वेळ लागत नाही. म्हणून जेवढे लागेल तेवढेच आणा, टाकी आणि मशीनच्या मध्ये पाणी वेगळे करणारा फिल्टर लावा, आणि पावसाळ्याआधी टाकी रिकामी करून कार्बोरेटर कोरडा होईपर्यंत मशीन चालवा. तेल टीसी-डब्ल्यू३ लिहिलेलेच. स्कूटरचे टू-टी घालू नका, ते हवेने थंड होणाऱ्या इंजिनासाठी असते. प्रमाण पुस्तिकेत असेल ते, बहुतेक मशीनना पन्नासास एक. फुल थ्रॉटलला १५ चे मशीन तासाला सहा-सात लिटर पिते. एक तृतीयांश जायला, एक तृतीयांश यायला, उरलेले हात न लावायला.

प्रत्येक वेळी घरी आल्यावर गोड्या पाण्यावर दहा मिनिटे चालवायचे. मामांच्या विहिरीचे पाणी आधी जिभेवर ठेवून बघा. नदीकाठच्या विहिरी मार्च-एप्रिलमध्ये मचूळ होतात, आणि मग खारे पाणी खाऱ्याने धुतल्यासारखे होते.

चोणक_फक्त_चोणक

वरच्या दोघांनी लोखंड सांगितले, मी दोरा सांगतो.

सहा फुटी रॉड मामांच्या मुलाला द्या. सात फुटी मीडियम-हेवी घ्या, त्यापेक्षा लांब नको. १४ फुटात दोघे बसणार, आठ फुटी रॉड मागे फिरवला की दुसऱ्याच्या कानात ट्रेबल (तीन टोकांचा गळ). रीळ ४००० साइजचे, ड्रॅग (मासा ओढतो तेव्हा दोरा सोडणारा ब्रेक) गुळगुळीत सुटणारा. दोरा वेणीचा, वीस ते तीस पौंडी. तंगुसाचे प्रेम मला समजते, पण तो ताणतो. खारफुटीच्या मुळांतून चोणक बाहेर ओढायला पहिले दोन सेकंद मिळतात, त्यात तंगूस ताणला जाण्यातच वेळ जातो.

लीडर (दोऱ्याच्या टोकाचा जाड तुकडा) मात्र चाळीस ते साठ पौंडी हवाच, दीड मीटर. चोणकाच्या कल्ल्यांची झाकणे ब्लेडसारखी धारदार असतात, आणि तो उडी मारून डोके झटकतो तेव्हा बारीक लीडर तिथेच जातो. म्हणून बोटे कल्ल्यात घालून उचलायचा नाही. लुअर (खोटे आमिष) नव्वद ते एकशे दहा मिलिमीटरचा मिनो, म्हणजे छोट्या माशाच्या आकाराचा, किंवा चार इंची शेपूटवाला रबरी मासा. लुअरसोबत आलेले ट्रेबल हुक बदला, मोठा चोणक ते सरळ करतो. ज्यांना लुअर जमत नाही त्यांना जिवंत सुंगट (कोळंबी) तरंगाखाली, किंवा बोटभर शेवटा. यात कमीपणा काही नाही, कोण काय म्हणेल ते म्हणो.

वेळ म्हणजे सुकतीचे पहिले दोन तास. खाजनातले, खारफुटीतले पाणी ओहोळांतून नदीत पडते, त्याबरोबर सुंगटं आणि बारीक मासे येतात, आणि चोणक तोंडाशी वाट बघत असतो. पण एक सांगतो. मानशीच्या (खाजनात पाणी घ्यायच्या-सोडायच्या झडपेच्या) दाराला नांगर टाकू नका. तिथल्या मासेमारीचा लिलाव झालेला असतो, ज्याने पैसे भरले त्याचे ते पाणी. शंभर मीटर बाजूला बसा, मासा तिथेही येतो. खुटे रोवलेले दिसले की जाळी असणार, फिरून जा.

शिंगाळा लागला तर हाताने काढू नका, पाठीवरचा आणि बाजूचे दोन काटे विषारी. पक्कड. आणि चोणक मोठा असेल तर फोटो काढून सोडा. हा मासा आधी नर असतो आणि वाढला की मादी होतो, म्हणजे जो सगळ्यांत मोठा तुम्ही घरी न्याल ती बहुधा अंड्यांची मादी. खायला दोन-तीन किलोचा जास्त गोड लागतो, माझ्या बायकोला विचारा.

कुंभारजुव्याच्या कालव्यात चोणक आहे, पण मगरीही आहेत. होडीतून उतरून पाण्यात पाय टाकायचा नाही.

पर्वरीकर_गरी

सगळ्यांचे खूप आभार. मामांशी बोललो, ते तयार आहेत, उलट म्हणाले की एवढे दिवस विचारले का नाहीस. विकणाऱ्यालाही फोन केला. ट्रेलरला नंबर नाही, 'कोणी विचारत नाही हो' असे उत्तर मिळाले. ट्रेलर सोडून फक्त होडी आणि मशीनचे एक लाख वीस म्हणतोय. रविवारी बघायला जातो. होडीत नेमके काय बघू? दोन प्रश्न राहिले. नोंदणी कुठे करायची? आणि एखाद्या दिवशी आग्वादच्या बाहेर समुद्रात जाऊन विसवण (सुरमई) बघता येईल का?

कागदवाला_काका

नदीतल्या यांत्रिक होडीची नोंदणी पणजीला कॅप्टन ऑफ पोर्ट्सच्या खात्यात. २०२१ चा अंतर्देशीय जलयान कायदा आता १९१७ च्या कायद्याच्या जागी आहे. मासेमारी म्हटले की मत्स्योद्योग खाते येते. तुमच्या होडीला आणि वापराला काय लागू होते ते दोन्हीकडे तोंडी न विचारता अर्जावर विचारा, म्हणजे हातात कागद राहतो. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद, तेव्हा मशीन उतरवून मिस्त्रींनी सांगितलेली कामे करा. लाइफ जॅकेट अंगात घातलेले, फळीखाली दडपलेले नाही. तटरक्षक दलाचा नंबर १५५४, फोन पाणी न जाणाऱ्या पिशवीत.

निवृत्त_खलाशी

आग्वादच्या बाहेर या वर्षी नाही. स्पष्ट सांगतो. मांडवीच्या तोंडावर वाळूचा दांडा आहे, पावसाळ्यात तर तोंड बंदच धरतात. आणि हिवाळ्यातही दुपारी वायव्येकडून वारा उठतो. सुकतीचे पाणी बाहेर निघालेले आणि वारा आत येणारा, दोघे समोरासमोर भिडले की पणजी आणि आग्वादच्या मध्ये आखूड, उभ्या लाटा होतात. १४ फुटी होडीचे नाक एका लाटेवर चढते तोवर दुसरी आत. विसवण मालीमच्या धक्क्यावर विकत मिळते.

नदीत राहिलात तरी फेरीच्या वाटेत नांगर टाकू नका. फेरी आणि बार्ज तुमच्यासाठी थांबू शकत नाहीत, त्यांना थांबायला वेळ लागतो. ते मी आतून पाहिले आहे. नांगराला पुढे दोन मीटर साखळी जोडा आणि दोर खोलीच्या पाचपट सोडा. पाच मीटर पाण्यात पंचवीस. आखूड दोराला नांगर नुसता नाचतो.

आता रविवारचे. होडी उलटी करून बघायला मिळाली तर बघाच. सगळ्यात आधी मागची फळी, जिच्यावर मशीन बसते. फायबरच्या आत तिथे बहुतेक लाकूड असते. मशीनचे बोल्ट जिथून गेलेत तिथून पाणी मुरते आणि लाकूड आतून कुजते, बाहेरून रंग चकचकीत. हातोडीच्या दांड्याने सगळीकडे ठोकत जा. टणटण आवाज आला तर ठीक, कुठे दबका ढबढब आला तर तिथे आत चिखल झालाय. मशीन लावलेले असेल तर खालचा पाय धरून जोरात वरखाली करा आणि फळी हलते का बघा. हलली तर एक लाख वीस विसरा, ती फळी बदलायला निम्मी होडी कापावी लागते.

मग फळीची उंची मोजा. पंधरा इंच असेल तर आखूड शाफ्टचे मशीन, वीस असेल तर लांब. विकणाऱ्याने जुळवाजुळव केलेली असू शकते. पंख्याच्या वरची आडवी पट्टी होडीच्या बुडाच्या रेषेत किंवा बोटभर खाली हवी. वर असेल तर वळणावर पंखा हवा पितो, फार खाली असेल तर पाणी नुसते उडवत चालतो.

बाहेर पातळ केसासारख्या रेघा चांदणीच्या आकारात दिसल्या तर तिथे काहीतरी आदळलेले आहे. आतून त्याच जागी बोट दाबून बघा. आणि मशीनचा नंबर, होडीचा नंबर, विकणाऱ्याचे नाव हे तिन्ही एकाच कागदावर जुळताहेत का ते बयाणा द्यायच्या आधी बघायचे, नंतर नाही. मिस्त्रींना सोबत नेता आले तर त्यांचे जेवण तुमच्याकडे.

वास्को_मिस्त्री

रविवारी मोकळा आहे. कॉम्प्रेशन गेज आणतो. जेवणाला चोणक नको, बांगडा चालेल.